वस्तीचा इतिहास वस्तीच्याच तोंडून: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय खेड्यांच्या आठवणी कशा जतन कराव्यात

१९३७ साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये सुझन हॅम्लिन नावाच्या वृद्ध बाईंची मुलाखत एकाच सरकारी योजनेसाठी दोन वेगवेगळ्या माणसांनी घेतली. बाई गुलामगिरीत जन्मलेल्या. समोर गोऱ्या बाई बसल्या तेव्हा सुझन यांची समजूत झाली, की या सरकारी मदत कार्यालयातून आल्यात. त्यांनी जुन्या मालकाचे गुण गायले. ऑगस्टस लॅडसन हे कृष्णवर्णीय मुलाखतकार समोर बसले तेव्हा त्याच बाईंनी चाबकाचे फटके आणि विकून तोडलेली कुटुंबं सांगितली. ही योजना म्हणजे फेडरल रायटर्स प्रोजेक्ट. १९३६ ते १९३८ या काळात तिने अशा २,३०० हून अधिक आठवणी जमवल्या. त्यांच्यावाचून या विषयाचं काम होत नाही, पण वाचताना प्रत्येक पानावर एक शंका येतेच: विचारत कोण होतं?

म्हणून या कामात रेकॉर्डर कुठला घ्यावा हा प्रश्न बराच पुढचा. आधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. मुलाखत कोण घेणार, आणि झालेलं रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं असणार. या दोन्ही गोष्टी सैल सोडल्या की उत्तम यंत्रावर गुळमुळीत, सभ्य, काही न सांगणाऱ्या मुलाखती जमतात.

आधी माणसं, मग मालकी

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कृष्णवर्णीय खेड्यात शिरण्याचा रस्ता बहुतेक वेळा चर्चमधून जातो. पाद्र्याला भेटा, पण तिथेच थांबू नका. पाद्री बदलतात, आणि कित्येकदा ते राहायलाही दुसऱ्या गावी असतात. वस्तीची खरी स्मृती डीकन मंडळाकडे (चर्चचा कारभार पाहणारी वडीलधारी माणसं), चर्चच्या ‘मदर्स बोर्ड’वरच्या आज्यांकडे, दफनभूमीच्या समितीकडे, बंद पडलेल्या कृष्णवर्णीय शाळेच्या माजी विद्यार्थी संघाकडे आणि प्रिन्स हॉल मेसन लॉज या कृष्णवर्णीयांच्या बंधुमंडळाच्या जुन्या सभासदांकडे असते. यांतून पाच ते सात जणांची समिती करा. गावात बॅप्टिस्ट आणि एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) अशी दोन पंथांची चर्च असतील तर दोन्हीकडची माणसं हवीत. जमीन असलेल्या घराण्यांबरोबर आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबलेल्या घरांतलंही कुणीतरी हवं. हे केलं नाही तर वस्तीचा इतिहास म्हणून दोन-तीन प्रतिष्ठित घराण्यांचा इतिहास तयार होतो, आणि ते कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही.

समितीबरोबर एक पानाचा करार करा. मूळ फाइल कुठे राहणार, प्रत कुणाकुणाला, इंटरनेटवर काय जाणार हे कोण ठरवणार, आणि समितीच मोडली तर पुढे काय. बाहेरची माणसं पेट्या भरून नेतात, अनुदान संपतं, आणि गावाकडे एक प्रतही उरत नाही, याचा कटू अनुभव बऱ्याच वस्त्यांना आहे. रेकॉर्डिंग कायमचं ठेवायला कृष्णवर्णीय महाविद्यालयाचं ग्रंथालय, काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) ग्रंथालय किंवा राज्याचं अभिलेखागार निवडता येतं, मात्र काम सुरू होण्यापूर्वी त्यांना तीन प्रश्न विचारा: कुठल्या स्वरूपातल्या फाइल घेता, काही वर्षं बंद ठेवण्याची अट पाळता का, कुटुंबाला प्रत फुकट देता का. तिसऱ्या प्रश्नावर जिथे चाचरतात, तिथे देऊ नका.

कागद दोन लागतात. मुलाखतीपूर्वी संमतीपत्र आणि मुलाखतीनंतर हक्क देण्याचं पत्र. अमेरिकी कायद्यानुसार सांगणाऱ्याच्या बोलण्यावर सांगणाऱ्याचा कॉपीराइट असतो असं धरूनच चालावं. लेखी परवानगी नसेल तर अभिलेखागाराला ते प्रसिद्ध करता येत नाही. दुसऱ्या पत्रात पर्याय असू द्या: सगळं खुलं, काही भाग बंद, ठरावीक वर्षांनी खुलं, नाव न देता. पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि सही त्याच दिवशी मागू नका. सही केलेल्या कागदापायी जमीन गेल्याच्या कहाण्या या वस्त्यांत घरोघरी आहेत. मुलीला वाचू दे, पुतण्याला दाखवू दे. आठवडाभराने सही झाली तरी काही बिघडत नाही. घाईने घेतलेली सही पुढे नातेवाईकांच्या भांडणाचं मूळ होते.

मानधन द्यायचं असेल तर सगळ्यांना सारखं द्या आणि ते आधीच जाहीर करा. एकाला पन्नास डॉलर आणि दुसऱ्याला शंभर मिळाले ही बातमी रविवारच्या प्रार्थनेआधी गावभर झालेली असते. विद्यापीठातून काम करत असाल तर तिथली नैतिकता समिती काय म्हणते तेही पाहा. २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित संघीय नियमांनी मौखिक इतिहासाला सर्वसाधारणपणे वगळलेलं आहे, पण संस्थेचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात.

कागद वाचून जा

कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग काढताना १८७० ही भिंत आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत मुक्त झालेल्या लोकांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण येतो. १८९० ची जनगणना शोधत बसू नका; १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर तिचा बहुतेक भाग गेला. नावानिशी नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतच्या पाहता येतात. आज ऐंशीच्या घरात असलेली माणसं त्यांत लहान मुलं म्हणून सापडतात. आईवडिलांचं नाव, धंदा आणि शेजारपाजार असलेलं ते एक पान छापून न्या. शेजाऱ्यांची नावं वाचून दाखवली की बोलणं सुरू होतं.

मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठी १८६५ साली स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्युरो या सरकारी खात्याच्या नोंदींत मजुरीचे करार, लग्नं आणि तक्रारी आहेत. उत्तर आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धात (१८६१-६५) सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. त्यांच्या पेन्शनच्या फाइल बारकाईने बघा, कारण विधवेला नातं सिद्ध करण्यासाठी शेजाऱ्यांच्या साक्षी द्याव्या लागत. गुलामगिरीतल्या लग्नांच्या आणि बाळंतपणांच्या आठवणी तिथे शपथेवर लिहिलेल्या सापडतात. काउंटीच्या कचेरीत जमिनीचे खरेदीदस्त असतात. शेती खात्याने १९३० च्या दशकापासून काढलेली हवाई छायाचित्रं मिळाली तर आज पाइनच्या झाडीत गडप झालेली घरं आणि पायवाटा त्यांत दिसतात. असा फोटो टेबलावर पसरला की चार म्हातारी माणसं तासभर बोटं ठेवून बोलत राहतात.

रोझेनवाल्ड शाळांची चौकशी वेगळी करा. उद्योगपती जूलियस रोझेनवाल्ड आणि कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या योजनेतून १९१२ ते १९३२ दरम्यान १५ राज्यांत जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी वस्तीने स्वतःचा वाटा घातला होता: रोकड, लाकूड, जमीन, अंगमेहनत. टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठाकडे या शाळांचा संग्रह आहे. आपल्या वस्तीने किती दिले तो आकडा सोबत असेल तर ‘ते पैसे जमवले कसे?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तरात चिकन विकणाऱ्या बायकांपासून आपली गाडी घेऊन लाकूड वाहणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे येतात.

अंत्यविधीच्या छापील पत्रिका घराघरांतून बघायला मागा. त्यांत जन्मगाव, आईचं माहेरचं नाव, चर्च, भावंडं कुठल्या शहरात गेली हे सगळं असतं. बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. आणि चर्चची कोनशिला. तिच्यावरची पाद्री, डीकन, विश्वस्तांची नावं आणि सालं उतरवून घ्या आणि आतापर्यंतच्या पाद्र्यांची यादी सालांसकट बनवा. वडीलधारी माणसं ‘१९५२ साली’ असं म्हणत नाहीत. ‘अमुक रेव्हरंड होते तेव्हा’ म्हणतात. ही यादी हेच तुमचं कॅलेंडर. तिच्या शेजारी वीज आली ते वर्ष, पूर, रस्ता डांबरी झाला, कापूस वेचणारं यंत्र आलं, शाळा बंद पडली, असा वस्तीपुरता तक्ता करा. विजेबाबत सावध असा. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा १९३६ चा असला तरी कृष्णवर्णीय वाडीपर्यंत तार यायला अनेक ठिकाणी पुढे बरीच वर्षं लागली.

कुणाला विचारायचं, कुणी विचारायचं

सर्वांत वयस्कर आणि आजारी माणसं आधी, यात वाद नाही. पण फक्त नव्वदीतल्या माणसांमागे लागताना सत्तरीतली पिढी निसटते. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांची पद्धत मोडत असताना, १९६५ ते १९७० च्या सुमारास, गोऱ्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणारी मुलं तीच. आपली शाळा बंद झाली तेव्हा तिथल्या ट्रॉफ्या, वर्गांचे फोटो, बॅंडचे गणवेश कुठे गेले हे त्यांनाच ठाऊक असतं. अनेक ठिकाणी ते कचऱ्यात गेले.

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून गेली. म्हणजे मिसिसिपीतल्या वस्तीची अर्धी आठवण शिकागो आणि डेट्रॉइटमध्ये, कॅरोलायनातली फिलाडेल्फिया, नेवार्क, न्यूयॉर्कमध्ये, आणि टेक्सास-लुइझियानातली कॅलिफोर्नियात असते. ती उन्हाळ्यात कुटुंबमेळ्याला आणि चर्चच्या ‘होमकमिंग’ रविवारी परत येते. त्या दिवशी लांब मुलाखती ठेवू नका. बाहेर स्वयंपाक, आत गाणी, मुलांचा गोंगाट. चर्चच्या मागच्या खोलीत वीस वीस मिनिटांच्या बैठका घ्या, शेजारच्या टेबलावर स्कॅनर ठेवा, आणि मोठ्या मुलाखतीसाठी वेळ व फोन नंबर घेऊन ठेवा. जे गेले ते मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांना त्या काउंटीत पुन्हा राहायचं नसतं. त्यांची आणि राहिलेल्यांची हकिगत जुळत नाही तिथे लक्ष द्या.

नातवंडांनी मुलाखत घ्यावी ही कल्पना सगळ्यांना आवडते, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत. ‘तुला ठाऊकच आहे’ म्हणून आजी अर्ध्या गोष्टी सांगत नाही, आणि नातवाने ऐकू नयेत अशा गोष्टी तर सांगतच नाही. परक्या माणसाला सगळं समजावून सांगितलं जातं, पण बेताबेताने. सर्वांत चांगली जोडी म्हणजे वस्तीतलं पण त्या घरातलं नसलेलं एक माणूस विचारायला आणि दुसरं यंत्र सांभाळायला. मुलाखतकार गोरा असेल तर सुझन हॅम्लिन यांच्यासारखी सारवासारव होण्याची शक्यता गृहीत धरा आणि वंशभेदाच्या प्रश्नांसाठी दुसऱ्या व्यक्तीने दुसरी बैठक घ्यावी.

संबोधनात चूक करू नका. वंशविभाजनाच्या काळात गोरी माणसं, अगदी शाळकरी पोरंही, म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसांना नुसत्या पहिल्या नावाने किंवा ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणून हाक मारत. मिस्टर, मिसेस मुद्दाम टाळत. त्यामुळे आडनावासह मिस्टर किंवा मिसेस हेच योग्य. वस्तीत ‘मिस’ लावून पहिलं नाव घेण्याची रीत आहे, चर्चमध्ये ‘मदर’ आणि ‘डीकन’ म्हणतात. त्या व्यक्तीने सांगितल्यावरच तसं म्हणा. लिप्यंतरातही, म्हणजे मुलाखत ऐकून शब्दशः लिहून काढतानाही, हाच मान राहू द्या.

आवाज

वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका ट्रॅकला तासाला साधारण अर्धा गिगाबाइट लागतो, दोन ट्रॅकला एक. एमपी३ मध्ये थेट रेकॉर्ड करू नका. दाबून गेलेला आवाज नंतर परत मिळत नाही. दोन कॉलर माइक, दोघांचे वेगळे ट्रॅक. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, साखळी आणि ब्रोचपासून दूर. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा, कारण ही माणसं हळू बोलता बोलता एकदम हसतात किंवा भजनाची ओळ म्हणतात, आणि लाल दिवा लागला की तो तुकडा फाटतो. हेडफोन सगळा वेळ कानावर. दुसरी प्रत म्हणून फोन विमान मोडवर ठेवून शेजारी रेकॉर्ड करत ठेवा. नव्या बॅटऱ्या, आणखी एक संच, दोन मेमरी कार्डं.

खोलीत गेल्यावर मिनिटभर गप्प बसून ऐका. फ्रिज, खिडकीतला एसी, छताचा पंखा, लंबकाचं घड्याळ, शेजारच्या खोलीतला टीव्ही. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे पुन्हा चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. ऑक्सिजनचं यंत्र मात्र बंद करायचं नसतं. त्याची नळी लांब असते, तेव्हा घरच्यांना विचारून यंत्र दुसऱ्या खोलीत हलवता येतं का बघा. उन्हाळ्यात एसी बंद ठेवून नव्वदीच्या माणसाला तासभर बसवणं धोक्याचं. सकाळी आठ-नऊची वेळ घ्या, नाही तर एसीचा आवाज सहन करा. ओसरीवर बोलणं खुलतं, पण रातकिडे, वारा आणि लाकडाचे ट्रक सगळं गिळतात. ओसरीच हवी असेल तर माइकला वारा अडवणारी केसाळ टोपी घाला.

सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलून रेकॉर्ड करा. शेवटी तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, संपादनात लागतो. व्हिडिओ सरसकट नको. माणूस आखडतो आणि फाइल अवाढव्य होतात. हातांचं काम असेल तिथे मात्र हवाच: गोधडीची शिवण, समुद्रबेटांवरची स्वीटग्रास या गवताची टोपली, फेकजाळं विणणं. ते शब्दांत सांगून कळत नाही.

प्रश्न

साठ ते नव्वद मिनिटं पुरेत. दुसरी बैठक एक-दोन आठवड्यांनी ठेवाच. पहिल्यांदा लोक ठरवलेलं सांगतात, मधल्या दिवसांत बाकीचं आठवत राहतं. कोरा कागद आणि जाड पेन्सिल देऊन लहानपणच्या घराभोवतालचा नकाशा काढायला सांगणं ही सर्वांत खात्रीची सुरुवात. चर्च, दुकान, शाळा, कापसाची जिन, पाण्याची जागा, कुणाचं घर कुठे. कागदावर नाव आणि तारीख घाला, तोही दस्तऐवज आहे.

‘गरिबी होती का?’ यासारख्या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. वस्तू आणि हिशेब विचारा:

- कापूस कोण तोलायचं? वही कुणाकडे? वर्षअखेरच्या हिशेबाला घरातून कोण जायचं, आणि तो परत आल्यावर घरात काय बोलणं व्हायचं?
- खेचर, बियाणं, अवजारं कुणाची? (सगळं मालकाचं असेल तर निम्मा वाटा जायचा, स्वतःचं खेचर आणि अवजारं असतील तर साधारण कापसाचा चौथा आणि मक्याचा तिसरा हिस्सा. यावरून घराची पत कळते.)
- शाळा वर्षातून किती महिने भरायची? वेचणीला बंद व्हायची का? मिळालेल्या पुस्तकांत आधी कुठल्या मुलांची नावं लिहिलेली असायची?
- बाळंतपणं कोण करायचं? तिला काय द्यायचे? जन्माची नोंद कोण करायचं?
- मतदार म्हणून नाव नोंदवायला पहिल्यांदा कधी गेलात? त्यानंतर काय गेलं: नोकरी, घर, उधारी?

शेवटच्या प्रश्नाची पार्श्वभूमी माहीत असू द्या. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत १९६५ च्या सुरुवातीला लोकसंख्येत सुमारे ८० टक्के कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत एकही नव्हता. नावं नोंदवल्यावर जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढलं आणि ती कुटुंबं हमरस्त्यालगत तंबूंत राहिली. अशा गावात ‘तुम्ही चळवळीत होता का?’ विचारलं तर बरेच जण नाही म्हणतील. कार्यकर्त्यांना रात्री कोण जेवू घालायचं, बैठकीच्या वेळी रस्त्यावर नजर कोण ठेवायचं, असं विचारलं की नावं येऊ लागतात.

उत्तर थांबलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा मोजा. यंत्र बंद केल्यावर दारात उभं राहून खरी गोष्ट सांगितली जाते, हे ठरलेलं. ती चोरून रेकॉर्ड करायची नाही. ‘हे पुन्हा सांगाल का, सुरू करू का?’ एवढंच विचारायचं. नाही म्हटलं तर नाही.

जिथे अडतं

तारखा सरकतात, दोन पूर एक होतात, ऐकलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते. वय तर बऱ्याचदा दोन कागदांवर दोन असतं, कारण सुईणीच्या हाताने झालेल्या जन्मांची नोंद वेळेवर होत नसे आणि सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी निवृत्तिवेतनासाठी) दाखला मोठेपणी काढलेला असे. समोरासमोर चूक दाखवू नका. पुढच्या बैठकीत कागद पुढे ठेवून ‘इथे असं लिहिलंय, तुम्हाला काय वाटतं?’ म्हणा. दोन्ही बाजू नोंदवा. ‘मालकाने आजोबांना जमीन बक्षीस दिली’ असं घरात सांगितलं जातं आणि खरेदीदस्तात पूर्ण रक्कम मोजलेली असते, असं निघालं तर तो फरक महत्त्वाचा आहे: ही कहाणी कुणाच्या सोयीची होती, हा पुढचा प्रश्न.

खून, जाळपोळ, जमावाची हिंसा यांविषयी तपशील उकरू नका. त्यानंतर घरात काय बदललं, कोण गाव सोडून गेलं, मुलांना काय बजावलं गेलं, हे विचारा. मारणाऱ्यांची नातवंडं त्याच काउंटीत दुकानदार किंवा अधिकारी असू शकतात. म्हणून कुठली नावं बंद ठेवायची हे सांगणाऱ्यानेच ठरवावं. बैठकीत जवळचं माणूस असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी फोन करा. या आठवणींचं वजन काय असतं ते फ्लोरिडातल्या रोझवूडने दाखवलं. जानेवारी १९२३ मध्ये ती वस्ती जाळली गेली, वाचलेली माणसं दशकानुदशकं गप्प राहिली, आणि शेवटी त्यांच्या साक्षींच्या आधारावर १९९४ साली राज्याच्या विधिमंडळाने सुमारे २१ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

सर्वांत जास्त गोत्यात आणणारा विषय वेगळाच आहे: जमीन. मृत्युपत्र न करता पिढ्यान्‌पिढ्या वारसांत सामाईक राहिलेली जमीन, जिचा एक छोटा हिस्सा दूरच्या चुलतभावाकडून विकत घेऊन बाहेरचा माणूस कोर्टामार्फत सगळी विकायला लावू शकतो. अनेक राज्यांनी २०१० च्या नमुना कायद्याच्या धर्तीवर संरक्षण आणलंय, तरी सगळीकडे नाही. मुलाखतीत ‘कर मीच भरतो’, ‘हद्द ओढ्यापर्यंतच’, ‘तो खरा वारस नव्हे’ असं बोललं गेलं तर ते उद्या कोर्टात वाचलं जाऊ शकतं. अभिलेखागारात बंद ठेवलेली टेपही न्यायालयाने मागितली तर उघडावी लागू शकते, हे आधीच सांगा. ज्यांच्या जमिनीचा वाद चालू आहे त्यांनी तो विषय रेकॉर्डवर घेऊ नये आणि वकिलाला भेटावं. गोऱ्या पित्यापासून झालेली मुलं, न सांगितलेली मातृत्वं यांनाही हीच काळजी लागू, कारण दुखावली जाणारी माणसं जिवंत असतात.

दफनभूमी

इथे चालत चालत घेतलेली मुलाखत घरातल्या दोन मुलाखतींएवढं देते. कित्येक दफनभूमी आता लाकूड कंपनीच्या किंवा शिकारीच्या जमिनीत आहेत. मालकाची लेखी परवानगी घ्या. हिवाळ्याचा शेवट योग्य: पानं झडलेली, साप आणि गोचीड कमी, हरणांच्या शिकारीचा हंगाम संपलेला. तरी अंगावर नारिंगी जाकीट असू द्या. खचलेले लांबट खड्डे, उभे केलेले साधे दगड, युकाची झुडपं आणि सदाहरित वेली, शिंपले, फुटकी भांडी या सगळ्या खुणा आहेत. काही उचलायचं नाही. अंत्यविधी कंपनीने लावलेल्या पत्र्याच्या पाट्यांतला कागद सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून फोटो त्याचा पहिला. पुसट अक्षरांसाठी खडू किंवा शेव्हिंग क्रीम लावू नका, दगड खराब होतो. आरशाने किंवा टॉर्चने तिरका उजेड पाडा. प्रत्येक थडग्याला क्रमांक, जीपीएस आणि दिशा. चालता न येणाऱ्यांना गाडीत बसवून, इंजिन बंद करून, फोटो दाखवत विचारा. अशा जागांच्या जतनासाठी संघीय कायदा २०२२ च्या अखेरीस झाला आहे. समितीने राष्ट्रीय उद्यान सेवेकडे अनुदानाची चौकशी करावी.

घरी आल्यावर

त्याच रात्री दोन प्रती, आठवडाभरात तिसरी दुसऱ्या गावी. पूर आणि वादळाच्या पट्ट्यात तिसरी प्रत त्याच काउंटीत ठेवण्यात अर्थ नाही; १९९९ च्या फ्लॉइड वादळात उत्तर कॅरोलायनातलं प्रिन्सव्हिल जवळपास संपूर्ण पाण्याखाली गेलं होतं. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-आडनाव-क्रमांक असं. फोटो घराबाहेर नेऊ नका. तिथेच ६०० डीपीआयवर टिफ स्वरूपात स्कॅन करा, मागची बाजूही. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, काठाजवळ.

एका तासाच्या लिप्यंतराला सहा ते आठ तास धरा. यंत्राकडून पहिला मसुदा घेता येतो, पण भरवसा ठेवू नका. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या वक्त्यांच्या दर १०० शब्दांमागे १९ चुका निघाल्या आणि कृष्णवर्णीय वक्त्यांच्या ३५. त्या नमुन्यात याच प्रिन्सव्हिलचे आवाज होते. म्हणून वस्तीत वाढलेल्या कुणीतरी पूर्ण ऐकून दुरुस्त करायला हवं, आणि जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायनाच्या बेटांवर ‘गल्ला’ (Gullah) ही तिथल्या कृष्णवर्णीयांची भाषा बोलणारं माणूस हवंच. व्याकरण ‘सुधारू’ नका. या माणसांच्या बोलीत क्रियापदाच्या रूपातच काम नेहमीचं की आत्ताचं हे कळतं. उलट उच्चार दाखवायला स्पेलिंग वाकडंतिकडंही करू नका. १९३० च्या दशकातल्या नोंदी त्यामुळेच आज टिंगल केल्यासारख्या वाचल्या जातात. माणसांची, ओढ्यांची, शेतांची नावं निघण्यापूर्वीच सांगणाऱ्यासमोर लिहून तपासून घ्या.

पूर्ण लिप्यंतराला माणसं नसतील तर केंटकी विद्यापीठाच्या नन सेंटरने बनवलेली ओएचएमएस ही मोफत प्रणाली वापरा: दर काही मिनिटांना विषय आणि नावं टिपली की शोधणाऱ्याला थेट त्या जागी जाता येतं. लिप्यंतर मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याला परत द्या. अनेक जण ते शाळेतल्या निबंधासारखं करू पाहतात. कागदावरचे बदल मान्य करा, मूळ आवाजाला हात लावू नका. कुटुंबाला पेनड्राइव्ह आणि छापील प्रत दोन्ही द्या, कारण बऱ्याच ठिकाणी इंटरनेट नीट नसतं.

बंद ठेवलेल्या भागांची वेगळी वही ठेवा: कुठली फाइल, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत, कुणाच्या सांगण्यावरून, आणि उघडण्याची तारीख. तिची एक प्रत अभिलेखागारात आणि एक चर्चच्या तिजोरीत. ती वही सांभाळणारं माणूस गेलं किंवा गाव सोडून निघालं, तर दुसरं कोण, तेही पहिल्याच पानावर लिहा.